सड्यावरची फुले, माळावरचे आभाळ आणि जांभ्याची घरे

पावसाचा जोर ओसरू लागला की या सदराकडे छायाचित्रणाविषयीची पत्रे येऊ लागतात. या अंकासाठी निवडलेली पत्रे खानापूर, अथणी आणि बेळगाव येथील वाचकांची आहेत. भारी कॅमेरा सगळ्यांकडे नसतो, हे ध्यानात ठेवूनच उत्तरे लिहिली आहेत. जिथे मोबाइलने भागत नाही तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न : सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही मैत्रिणी चोर्ला घाटाच्या माथ्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावर, गेलो होतो. डोळ्यांना सारा सडा जांभळा-पांढरा दिसत होता, पण मोबाइलच्या फोटोंत मात्र करडी-हिरवी जमीन आणि तिच्यावर बारीक ठिपके आले. जवळून काढायला गेलो तर फुले पांढरीफटक झाली, पाकळ्याच दिसेनात. असे का होते? कासला गेल्याशिवाय चांगले फोटो मिळतच नाहीत का?
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : कासला अवश्य जावे, पण फोटोसाठी तिथेच जायला हवे असे मुळीच नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा कासचे पठार त्यात होते आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु ज्या कारणाने तिथे फुले येतात तेच कारण आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम कडेलाही हजर आहे. जांभा खडकाचा सपाट माथा, त्यावर कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही अशी माती, पावसात साचून राहणारे पाणी आणि उन्हाळ्यात भाजून निघणारी जमीन, अशा जागी मोठी झाडे तग धरत नाहीत. म्हणून बुटक्या आणि पावसाळ्यातच आपले सारे आयुष्य उरकणाऱ्या वनस्पतींना तिथे मोकळे रान मिळते. सोनकी ज्या गणातली, त्याच गणातील एका जातीला तर शास्त्रज्ञांनी बेळगावचेच नाव दिले आहे : सेनेसिओ बेलगाउमेन्सिस. आपल्या भागाला फुलांची उणीव कधीच नव्हती.

आता ठिपक्यांविषयी. आपण उभे राहून सडा पाहतो तेव्हा दूरवरची फुले तिरप्या नजरेने एकामागे एक दाटलेली दिसतात आणि मधली रिकामी जमीन आपले मन सोडून देते. मोबाइल छातीच्या उंचीवर धरून खाली झुकवला की तो ती जमीन इमानाने टिपतो आणि फुले विखुरतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे भिंग फुलांच्या उंचीपर्यंत खाली नेणे. गेंदाची पांढरी बोंडे आणि सीतेची आसवे बहुतेक वीतभरही उंच नसतात. मोबाइल उलटा धरला की त्याचे भिंग खालच्या बाजूला येते आणि जमिनीपासून दोन-तीन बोटांवर राहते. मग पुढची चार फुले स्पष्ट, त्यांच्यामागे रंगाचा सलग पट्टा आणि वर ढगांची एक रेघ असे चित्र मिळते आणि आपण डोळ्यांनी जे पाहिले त्याच्या ते पुष्कळ जवळ जाते.

फुले पांढरीफटक होतात, कारण कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. ओला जांभा काळपट असतो. त्याला उजळ करण्याच्या नादात गेंदाची पांढरी बोंडे जळून जातात. पडद्यावर नेमके फुलावर बोट टेकवावे आणि बाजूला येणारे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. फोटो किंचित गडद आला तर नंतर उजळता येतो, पण जळालेली पाकळी कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. सोनकी आणि कवला यांच्या पिवळ्या रंगालाही हेच लागू आहे. कवल्याच्या पिवळ्या फुलावरचे दोन तांबडे ठिपके जास्त उजेडात पार फिके पडतात, आणि ते गेले की कवल्याची ओळखच गेली.

या कामासाठी ढगाळ दिवसासारखा दिवस नाही. ऊन पडलेच तर सोबतच्या मैत्रिणीला छत्री धरायला सांगावी. काळ्या छत्रीच्या सावलीतही लहान फुलाचा फोटो उन्हातल्यापेक्षा नेहमीच चांगला येतो, आणि पातळ पांढरा पंचा दोघींनी ताणून धरला तर त्याहून उत्तम. घाटमाथ्यावर वारा दिवस चढेल तसा वाढतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, हेही लवकर जाण्याचे एक कारण. ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा आहे त्यांनी छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे आणि वारा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास न्यावा. सगळेच स्पष्ट यावे म्हणून एफ २२ पर्यंत जाण्यात अर्थ नाही, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सारे चित्रच मऊ पडते.

एक वनस्पती मात्र उन्हाच्या विरुद्ध बाजूनेच टिपावी. दवबिंदू नावाची ही कीटकभक्षी वनस्पती सड्याच्या ओलसर कडेला वाढते. तिच्या पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एक थेंब असतो. तो दव नव्हे, त्यामुळे दुपारीही वाळत नाही. किडा चिकटला की पान हळूहळू त्याच्याभोवती वळते. सकाळचे तिरपे ऊन पानामागून येऊ द्यावे, पार्श्वभूमीला सावलीतला खडक घ्यावा आणि थेंबांवर नजर जुळवावी. प्रत्येक थेंब वेगळा उजळलेला दिसतो आणि क्वचित त्यात अडकलेले चिलटही दिसते. सीतेची आसवेही कीटकभक्षीच आहेत, पण त्यांचे सापळे म्हणजे मुळांसारख्या भागांवरच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या फोटोत येत नाहीत. तेव्हा त्या पाहण्यासाठी रोप उपटू नये, ही आग्रहाची विनंती.

पाय फक्त उघड्या खडकावर ठेवावेत. बोटभर मातीत पुढच्या वर्षीचे बी पडलेले असते आणि चांगल्या कोनासाठी फुलांवर लोळण घेणाऱ्यांनी अनेक ठिकाणचा सडा बोडका केला आहे. कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ वनस्पती दिसली तर फोटो जरूर काढावा, परंतु तो समाजमाध्यमांवर टाकताना जागेचे नाव देऊ नये आणि मोबाइलमधली स्थाननोंदही बंद ठेवावी, कारण तिचे कंद उकरून नेणारे लोक असतात. भीमगडचे जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. तिकडे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

प्रश्न : महोदय, खानापूरकडच्या लोकांना फुले आहेत, आमच्याकडे नुसता माळ आणि आभाळ. आभाळाचे फोटो काढतो ते घरी आल्यावर रिकामे वाटतात. पोलरायझर फिल्टर घ्यावा का?
— एक शिक्षक, अथणी

उत्तर : आपला माळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणून त्याचा हंगाम वेगळा आहे, तो रिकामा मात्र नाही. सप्टेंबरपासून पडीक रानात कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे राहतात, बांधावर तरवड पिवळा होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकले की मावळतीच्या उन्हात त्याचे प्रत्येक कुसळ उजळते. फोटो रिकामा वाटण्याचे कारण बहुधा असे असते की क्षितिज अगदी मधोमध येते आणि पाहणाऱ्याला आभाळ पाहावे की जमीन हे कळत नाही. आभाळासाठीच फोटो काढायचा असेल तर त्याला चित्राचा चार-पंचमांश भाग खुशाल द्यावा, पण जमिनीच्या उरलेल्या पट्टीत एखादी ओळखीची वस्तू असू द्यावी : एकटी बाभूळ, कडब्याची गंज, देवळाचे शिखर किंवा घराकडे निघालेली बैलगाडी. आभाळ किती मोठे आहे, हे त्या लहानशा वस्तूमुळेच कळते.

एप्रिल-मे महिन्यांतले वळवाचे ढग ही आपल्या भागाची खरी संपत्ती आहे. दुपारी तीननंतर ते चढू लागतात, आणि पाऊस पडून गेल्यावर हवेतली धूळ बसून लांबचे डोंगरही कोरल्यासारखे दिसतात, तो अर्धा तास सोडू नये. ढगांचा फोटो काढताना उजेडाची मोजणी ढगाच्या उजळ भागावर करावी आणि जमीन काळी पडली तरी पडू द्यावी. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. सूर्य बुडाला की सामान आवरायला लागणारे लोक त्यातला उत्तम भाग गमावतात. ढगांच्या पोटाला रंग चढतो तो त्यानंतरच, आणि तो ओसरायच्या आत काम उरकायचे असल्याने जागा आधीच ठरवलेली हवी.

विजेचे फोटो उघड्या माळावर उभे राहून काढू नयेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरांत कळते. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर मुळीच थांबू नये. घराच्या खिडकीतून, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, एफ ८ आणि दहा ते वीस सेकंदांचे शटर लावले की रात्रीची वीज आपोआप चित्रात येते.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आभाळ गडद करणारी भिंगावरची काच, हौस म्हणून घ्यावा, गरज म्हणून नव्हे. सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळाच्या पट्ट्यावरच त्याचा पूर्ण परिणाम होतो. रुंद भिंग लावले तर आभाळाचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिका असा विचित्र पट्टा उमटतो. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढायला मात्र तो उपयोगी पडतो. आपण हे पैसे आधी चांगल्या तिकाटण्यात घालावेत. मार्च ते मे या काळात पहाटेच्या अंधारात दक्षिणेकडे आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग दिसतो. गावांच्या दिव्यांपासून दूर गेल्यास वीस सेकंद, एफ २.८ आणि आयएसओ ३२०० एवढ्यावर तो सहज टिपता येतो आणि त्यासाठी तिकाटण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मुलगी आणि जावई कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात असतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे महिनाभर तिकडे जाणार आहोत. तिथल्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानांवर, रानफुले, आभाळ आणि ओसाड पडलेली जुनी घरे यांचे फोटो काढायचे आहेत. इथल्या सवयी तिथे चालतील का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तंत्र तेच राहील, पण घड्याळ बदलावे लागेल. तिथे उत्तर अक्षांश पन्नासच्या पुढे असल्याने जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उगवतो. तो तिरपा उतरतो, म्हणून इथे मिनिटांत संपणारा सोनेरी उजेड तिथे निवांत रेंगाळतो. तेव्हा जेवण आधी उरकून संध्याकाळीच बाहेर पडावे. त्या प्रांताच्या वाहनांच्या पाट्यांवर ‘जिवंत आभाळांची भूमी’ अशा अर्थाचे वाक्य असते, आणि ते वाजवी आहे. प्रांताचे मानचिन्ह असलेली तांबडी रानलिली जूनच्या मध्यापासून फुलू लागते. ती तोडणे कायद्याने मना आहे. फोटो मात्र मनसोक्त काढावेत. उंच गवतातून चालताना पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, कारण गोचिडांचा तो हंगाम असतो.

ओसाड घरांबाबत अधिक सावध राहावे. १८७२ च्या कायद्याने तिथे दहा डॉलर भरून १६० एकर जमीन वसाहतीसाठी मिळत असे. त्यावर घर बांधून राहायचे आणि जमीन वहितीखाली आणायची, अशी अट होती. मागे उरलेली घरे त्या काळाची साक्ष आहेत, परंतु घर ओसाड असले तरी जमिनीला मालक असतोच. त्याची परवानगी आधी घ्यावी. आत शिरू नये, कारण तक्तपोशी कुजलेली असते आणि आवारातल्या जुन्या विहिरी नुसत्या फळ्यांनी झाकलेल्या असतात. बाहेरून, गवताच्या उंचीवरून, घर लहान आणि आभाळ मोठे ठेवून टिपलेले चित्र आतल्या पडझडीपेक्षा अधिक सांगते, असे माझे मत आहे.

जाण्यापूर्वी सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराची चित्रे जरूर पाहावीत. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या कस्टर काउंटीत त्याने १८८६ पासून वसाहतवाल्यांची घरे टिपली. तिथे लाकूड मिळत नसे, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेली माती नांगराने कापून तिच्या तुकड्यांच्या भिंती रचत असत. बुचर त्या कुटुंबाला घरापुढे उभे करी आणि घरातले जे मोलाचे असेल ते अंगणात आणायला सांगे. कुणी घोडे आणले, कुणी पायपेटी आणली. आज त्या घरांतली बहुतेक मातीस मिळाली, पण कोण कुठे आणि कशाच्या जोरावर राहत होते ते या चित्रांमुळे कळते.

प्रश्न : आमचे आजोळ बेळगाव तालुक्यात आहे. घर मातीच्या आणि जांभ्याच्या भिंतींचे, कौलारू, शंभरीच्या घरातले. मामांनी उन्हाळ्यात ते उतरवून स्लॅबचे घर बांधायचे ठरवले आहे. आजी अजून त्याच घरात राहते. मोबाइल आणि एक साधा कॅमेरा माझ्याकडे आहे. घराचे फोटो कसे काढावेत?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून बरे वाटले, कारण अशी पत्रे बहुधा घर पाडल्यानंतर येतात. अजून वेळ आहे, तेव्हा काम पद्धतशीर करावे.

आरंभ लांबून करावा. रस्ता, शेजारची घरे, परड्यातली नारळी, मागचा डोंगर यांच्यासह घर कुठे बसले आहे ते दिसू द्यावे. मग दर्शनी भाग घ्यावा. कॅमेरा वर झुकवला की भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात, म्हणून जरा मागे जाऊन तो सरळ धरावा. जांभ्याच्या भिंतीला समोरचे ऊन मारक असते. भिंतीला घासून जाणारे तिरपे ऊन पडते तेव्हा चिऱ्यांमधली भोके दिसू लागतात. सड्यावर ज्या दगडाने फुलांना जागा दिली तोच हा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहून कठीण होतो, आणि त्याच्यावरच्या तासणीच्या खुणा शंभर वर्षांनंतरही वाचता येतात. एका चिऱ्याचा फोटो अगदी जवळून, शेजारी आजीचा हात ठेवून घ्यावा, म्हणजे आकारही कळेल.

आत काळोख असेल. फ्लॅश वापरू नये. त्याने सोप्याचे आणि माजघराचे सारे गांभीर्य जाते. कॅमेरा तिकाटण्यावर किंवा नुसत्या उतरंडीच्या मडक्यावर टेकवला तरी चालेल. आयएसओ १०० ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि शटर हवे तेवढे उघडे राहू द्यावे. चुलीच्या धुराने काळे झालेले वासे आणि तुळया कॅमेऱ्याला नेहमी फसवतात. तो त्यांना करडे करून दाखवतो, म्हणून उजेड एक पायरी कमी करावा. स्वयंपाकघरावर काचेचे कौल बसवलेले असेल तर दुपारी बारा ते दोन या वेळात तिथेच बसून राहावे. त्यातून उतरणारा उजेडाचा झोत जमिनीवरून सरकत जातो. चूल पेटलेली असेल तर धुरामुळे तो झोत आख्खा दिसतो, आणि तो जात्यावर किंवा उखळावर आला की फोटो घ्यावा.

कोनाडे, खुंट्या, कडी-कोयंडा, कणगी, पेवाचे तोंड, गोठ्यातली दावण यांपैकी काहीही वगळू नये. आजीला सजवून खुर्चीत बसवू नये. ती रोज जिथे बसते, ज्या उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडते, तिथेच तिला तिचे काम करू द्यावे. आपण गप्पा माराव्यात आणि मध्येच फोटो काढावा. कोणती वस्तू अंगणात आणावी, हे मात्र बुचरप्रमाणे तिलाच विचारावे. ती जे सांगेल ते आपल्याला सुचले नसते. शेजारी कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्याकडच्या अज्जा-अव्वांनाही बोलवावे, घराच्या पुष्कळ आठवणी त्यांच्याकडे असतात.

फोटोंइतकीच नोंद महत्त्वाची आहे. प्रत्येक फोटोला तारीख, खोलीचे घरातले नाव, माणसांची नावे आणि गावाचे नाव लिहावे. गावाची मराठी आणि सरकारी अशी दोन्ही नावे लिहावीत. २०१४ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाल्यापासून जुन्या आणि नव्या नोंदी जुळवताना लोकांची धांदल उडते. प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. १८९९ मध्ये बुचरच्या घराला आग लागली तेव्हा त्याची छापील चित्रे आणि लिहिलेल्या हकिकती जळाल्या. काचेच्या मूळ निगेटिव्ह पट्ट्या धान्याच्या कोठारात होत्या म्हणूनच वाचल्या.

आणि कौले उतरवतील त्या दिवशी हजर राहावे. मंगळुरी कौले असतील तर त्यांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे इतरही कारखाने निघाले, आणि आपल्या घरावर कुणाची कौले आहेत ते त्या नावावरून ओळखता येते. छप्पर निघाले की एरवी कधी न दिसणारे आढ्याचे आणि वाशांचे जोड उघडे पडतात, भिंत किती जाड होती ते कळते आणि घरात प्रथमच सगळीकडे सारखा उजेड येतो. सुताराला थोडा वेळ थांबायला सांगून प्रत्येक जोडाचा फोटो घ्यावा आणि तो कसा बसवला आहे ते त्याच्याच तोंडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. त्या दिवशी धूळ फार उडेल, तेव्हा भिंग पुसायला मऊ फडके जवळ ठेवावे आणि भिंग बदलणे टाळावे.